लॉकवर १८५७ लिहिलंय, म्हणून बंदूक १८५७ ची?

जुन्या ठासणीच्या बंदुकांचा सेकंडहँड बाजार अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये चांगला चालतो, आणि तिथल्या वर्णनांचा एक ठरलेला साचा आहे. खालचा नमुना मी त्या साच्यावरून स्वतः लिहिलाय, तो कुणा एका विक्रेत्याचा नाही:

“पॅटर्न १८५३ एन्फिल्ड रायफल. ब्रिटिश सैन्याच्या वापरातली. टॉवर ऑफ लंडनमध्ये १८५७ साली बनलेली. लॉकवर मुकुट, ‘टॉवर’ हा शब्द आणि १८५७ हे साल स्पष्ट दिसतं. भारतातल्या उठावात वापरलेली. सर्व भाग मूळ.”

सहा वाक्यं. त्यात निरीक्षण एकच आहे, चौथं. बाकीची पाच वाक्यं त्या एकाच्या खांद्यावर उभी आहेत, आणि सहाही वाक्यांच्या शेवटी सारखाच पूर्णविराम आहे. माझी तक्रार त्या पूर्णविरामाबद्दल आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्यात जुळवलेलं यात वाचणाऱ्याला काही फरकच दिसत नाही. तुम्ही उद्या सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा नेमकं हेच होतं, म्हणून हा विषय इथे घेतला. मी पदार्थविज्ञानाकडून आलोय, बंदूक चालवण्याशी माझा काही संबंध नाही. पण वस्तूकडे बघून ती काय आहे हे ठरवणं हा आपल्या सगळ्यांचाच धंदा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्यात दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते. नळीच्या आत पिळासारख्या खाचा असतील तर ती रायफल, आतून गुळगुळीत असेल तर मस्केट. पॅटर्न १८५३ एन्फिल्ड ही रायफल. नळी ३९ इंच लांब, आतला व्यास .५७७ इंच म्हणजे १४.६६ मिलिमीटर, आत तीन खाचा, आणि त्या खाचा ७८ इंचांत एक फेरा घेतात. नळी लाकडी दस्त्याला तीन पट्ट्यांनी आवळलेली. घोडा टोपीवर आपटतो, टोपीची ठिणगी दारूपर्यंत जाते. घोड्याची सगळी यंत्रणा ज्या लोखंडी पट्टीवर बसवलेली असते तिला लॉक म्हणायचं. काडतुसांच्या प्रकरणामुळे या रायफलचं नाव आपण शाळेतच ऐकलेलं असतं.

आता मुद्दा बघा. लॉक दस्त्याला दोन स्क्रूंनी धरलेलं असतं. दोन स्क्रू काढले की ते हातात येतं, आणि दुसरं, मापात जवळपास बसणारं लॉक तिथे लागू शकतं. सैन्यात दुरुस्तीच्या वेळी हे व्हायचं, नंतर व्यापाऱ्यांकडे व्हायचं, आजही होतं. म्हणजे लॉकवरचं साल हे लॉकचं साल आहे. नळीचं किंवा दस्त्याचं साल तेच आहे असं ते लॉक तुम्हाला सांगत नाही. संगणकाच्या कीबोर्डवरची तारीख वाचून मदरबोर्डचं वय सांगण्यासारखं आहे हे. बहुतेक वेळा जुळेलही, पण ‘बहुतेक वेळा’ हे शब्द वर्णनात कुठे आहेत?

‘टॉवर’ या शब्दाचं तर आणखी गमतीदार आहे. लॉकवर टॉवर लिहिलं म्हणजे बंदूक टॉवर ऑफ लंडनमध्ये घडवली असं नाही. सरकारी हत्यारांची तपासणी आणि साठवण यांच्याशी तो शब्द जोडलेला होता. प्रत्यक्ष भाग बनवणारे खासगी कारागीर मोठ्या संख्येने बर्मिंगहॅममध्ये होते. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या लॉकवर ‘एन्फिल्ड’ असंच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या विंडसर गावी रॉबिन्स अँड लॉरेन्स या कंपनीने ब्रिटिश सरकारसाठी याच नमुन्याच्या रायफली बनवल्या, त्यांच्यावर ‘विंडसर’ आहे. आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत दोन्ही बाजूंनी बर्मिंगहॅम आणि लंडनच्या व्यापाऱ्यांकडून या रायफली लाखोंनी विकत घेतल्या. त्यांच्यावरही मुकुट आणि ‘टॉवर’ असतं! फरक एवढाच की सरकारी लॉकवर मुकुटाखाली ‘व्ही आर’, म्हणजे राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरं असतात आणि व्यापारी मालावर साधारणपणे नुसता मुकुट. आपल्या नमुन्यातल्या चौथ्या वाक्यात ‘मुकुट’ आहे. ‘व्ही आर’ आहे की नाही, हे विक्रेत्याने लिहिलेलंच नाही. दुसऱ्या वाक्यातलं ‘ब्रिटिश सैन्याच्या वापरातली’ हे या एका न लिहिलेल्या तपशिलावर टांगलेलं आहे.

पाचवं वाक्य सर्वांत महाग. ‘भारतातल्या उठावात वापरलेली’ म्हटलं की किंमत चढते. ते कशावरून? १८५७ हे साल लॉकवर आहे यावरून. याची तपासणी करायला बंदुकीचं ज्ञानही लागत नाही, इतिहासाचं पाठ्यपुस्तक आणि नकाशा पुरतो. मीरतचा उठाव १० मे १८५७ चा. सुएझ कालवा उघडला १८६९ ला. म्हणजे १८५७ साली इंग्लंडमध्ये ठसा मारलेलं लॉक रायफलीवर बसवून, तपासून, आफ्रिकेला वळसा घालून जहाजाने काही महिन्यांनी हिंदुस्थानात पोचणार. उठाव १८५८ मध्येही चालू होता आणि इंग्लंडहून कुमक येत होती, त्यामुळे अशी रायफल इथे आलीच नसेल असं मी म्हणत नाही. पण ती उठाव करणाऱ्या शिपायाच्या हातात होती असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढं लक्षात घ्यावं: १८५७ च्या सुरुवातीला दमदम, अंबाला आणि सियालकोट इथल्या केंद्रांवर एन्फिल्डचं प्रशिक्षण नुकतं सुरू झालं होतं, आणि बंगाल सैन्यातल्या बहुतेक शिपायांकडे जुनी गुळगुळीत नळीची मस्केटच होती. वाद काडतुसांवर पेटला, रायफल मात्र फार थोड्यांच्या हातात पोचली होती. साल जुळणं आणि संबंध असणं यातला फरक आपण संख्याशास्त्रात शिकतो आणि इतिहासाच्या वस्तूसमोर उभं राहिलं की विसरतो.

मग बघायचं काय? माझं मत विचाराल तर लॉक सगळ्यात शेवटी बघा. त्याच्यावर सगळ्यांचं लक्ष जातं, म्हणून खोटं करायचं तर सगळ्यात आधी तिथेच करतात. नळी काढून तिची खालची बाजू बघा. तिथले ठसे गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी मारलेले नसतात.

पण त्याच्याही आधी एक मोजमाप, आणि ते टाळू नका. जुनी ठासणीची बंदूक भिंतीवरून उतरवली आणि ती आत ठासलेलीच निघाली, असं होतं. काळी दारू कोरडी राहिली तर दशकांनंतरही पेटते. तेव्हा नळीच्या तोंडापासून बाजूला उभं राहून, टोपी बसवायच्या जागी टोपी नाही हे बघून, लाकडी काठी अलगद आत सोडायची, तोंडाशी खूण करायची, आणि काठी बाहेर काढून नळीच्या बाजूने तेवढीच लांबी ठेवून बघायची. काठीचं टोक नळीच्या मागच्या टोकाजवळ, टोपीच्या जागेशी आलं तर आत काही नाही. इंच-दोन इंच आधीच थांबलं तर हात काढा आणि जाणकाराला बोलवा. भारतात तर वस्तू हातात घेण्याआधी १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. जुन्या वस्तूला सूट मिळते ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा स्थितीत असेल तर. “आजोबांची आहे” हे कारण त्यात बसत नाही.

नळीवरचे ठसे. व्यापारी माल बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात जास्त दारू भरून उडवून तपासला जायचा आणि मग नळीवर एकमेकांना छेदणाऱ्या राजदंडांचे ठसे बसायचे, त्यांच्या शेजारी बऱ्याचदा ‘२५’ हा आकडा. या २५ ला कुणी कारखान्याचा क्रमांक म्हणतं, कुणी रेजिमेंटचा. खरं तर ते एक मोजमाप आहे, आणि ते तुम्ही आत्ता वहीवर पडताळू शकता. एक पौंड शिशाच्या सारख्या २५ गोळ्या केल्या तर एकीचा जो व्यास, तो ‘२५’. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, भागिले २५, म्हणजे १८.१४ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणजे आकारमान १.६० घन सेंटिमीटर. गोलाच्या सूत्रातून व्यास येतो १.४५१ सेंटिमीटर, म्हणजे .५७१ इंच. पण नळी तर .५७७ ची! चुकलं का? नाही. आता २४ साठी करा. व्यास येतो .५७९ इंच. म्हणजे .५७७ च्या नळीत २५ चं माप आत जातं आणि २४ चं जात नाही. आत जाणारं सगळ्यात मोठं माप कोणतं, ते त्यांनी ठोकून ठेवलं. आकडा ‘व्यास इतका’ असं सांगत नाही, ‘व्यास किमान इतका, आणि पुढच्या मापापेक्षा कमी’ असं सांगतो. मला हा ठसा फार आवडतो. एवढ्याशा जागेत त्यांनी मोजमाप आणि त्याची मर्यादा दोन्ही लिहिली आहे, आणि आपल्याकडे आलेखावर एरर बार काढायला सांगावं लागतं.

सरकारी मालकीची खूण वेगळी: रुंद बाणाचं टोक, सोबत ‘डब्ल्यू डी’ किंवा ‘बी ओ’. ‘बी ओ’ म्हणजे बोर्ड ऑफ ऑर्डनन्स, आणि ते बोर्ड १८५५ मध्ये बरखास्त झालं. त्यामुळे १८५७ च्या लॉकशेजारी ‘बी ओ’ दिसलं तर आनंद मानू नका, प्रश्न विचारा. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर सरकारने ती बंदूक विकून टाकली, असा अर्थ. म्हणजे एकाच नळीवर घडवणारा, तपासणारा, मालक आणि विकणारा अशा चौघांचे ठसे असू शकतात, आणि प्रत्येकाने आपापल्या दिवशी आपापल्या कामापुरतंच सांगितलेलं असतं.

यानंतर आतला व्यास. इथे पहिल्या वाक्यातला ‘रायफल’ हा शब्दच धोक्यात येतो. उठावानंतर ब्रिटिशांनी हिंदी शिपायांसाठी बाहेरून हुबेहूब एन्फिल्डसारखी पण आतून गुळगुळीत आणि .६५६ इंच व्यासाची मस्केट आणली. अचूक मारा करणारं हत्यार पुन्हा त्यांच्या हातात द्यायचं नव्हतं. अशी बंदूक बाजारात आली की विक्रेता म्हणतो, खाचा झिजल्यात. झिजूही शकतात. पण झिजलेली नळी .५७७ च्या आसपास राहील, .६५६ होणार नाही. जवळपास दोन मिलिमीटरचा फरक आहे, साध्या उपकरणालाही कळतो. दोन स्पष्टीकरणं समोर असताना दोघांत जिथे वेगळं उत्तर येईल असं एकच मोजमाप निवडायचं, ते हे. फक्त व्हर्नियर नळीच्या तोंडाशी लावून थांबू नका. गज वर्षानुवर्षं घासून तोंड रुंदावलेलं असतं, तिथलं माप मोठंच येणार. टेलिस्कोपिक गेजने आत दोन-तीन खोलींवर घ्या. तिसरी शक्यताही आहे: कुणीतरी नंतर नळी आतून कापून शिकारीची छऱ्याची बंदूक केलेली असेल. व्यास .६५६ च्या बराच अलीकडे किंवा पलीकडे आला की तिचा विचार करायचा.

प्रतिकृतींबद्दल थोडक्यात. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने १९७० च्या दशकात या नमुन्याच्या चांगल्या प्रतिकृती काढल्या, आणि इटलीत गार्दोने व्हाल ट्रोंपिया परिसरात आजही निघतात. त्यांत फसवणूक नाही, त्या उघड विकल्या जातात आणि नेमबाज त्या वापरतात. फसवणूक होते ती कुणीतरी कंपनीचं नाव घासून टाकतं आणि नळीला गंज चढवतं तेव्हा. इटालियन नळीवर चाचणीगृहाचे ठसे आणि वर्षाचं सांकेतिक अक्षर असतं. ‘ए ए’ म्हणजे १९७५. ते घासलं की तिथला पृष्ठभाग किंचित खोलगट होतो आणि सरळ पट्टी आडवी धरली की खालून उजेड दिसतो. गंजाला मात्र घड्याळ समजू नका. मिठाच्या पाण्यात आठवडाभरात हवा तेवढा गंज येतो. मूळ नळ्या रॉट आयर्नच्या, त्यात स्लॅगचे धागे असतात. आधुनिक पोलादात ते नसतात. पण हे बघायला नमुना घासून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. वस्तू खराब करणारी चाचणी सगळ्यात शेवटी, आणि मालकाला विचारून.

पेशावरच्या दक्षिणेला दर्रा आदमखेल आणि त्या पट्ट्यातल्या कारागिरांनी ब्रिटिश हत्यारांच्या नकला पिढ्यान् पिढ्या केल्या, ठशांसकट. तिथे उलटी अक्षरं सापडतात, ‘व्ही आर’ च्या खाली व्हिक्टोरियाच्या मृत्यूनंतरचं, म्हणजे १९०१ नंतरचं सालही सापडतं. यावर हसणारे पुष्कळ. मला त्या कारागिराचं कौतुक वाटतं: वाचता न येणारी लिपी तो चित्र म्हणून उतरवत होता आणि बंदूक तर चालत होती.

आणि आता एक गोष्ट जिथे मराठी वाचणाऱ्याचा हात वर आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या लगन सिलेखान्यातून हजारो जुनी हत्यारं अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी विकत घेतली आणि ती तिथल्या बाजारात पसरली. त्यात ब्रिटिश बनावटीच्या एन्फिल्ड होत्या, नेपाळमध्ये बनवलेल्याही होत्या. अनेकींवर देवनागरी अक्षरं आणि अंक आहेत. अमेरिकन ग्राहक त्याला ‘नेपाळी चिन्हं’ म्हणून सोडून देतो, तुम्ही ती सरळ वाचू शकता. पण वाचता आलं म्हणून लगेच निष्कर्ष नको! देवनागरी आहे म्हणजे नेपाळमध्ये बनली, हे ‘टॉवर’ म्हणजे टॉवरमध्ये बनली याच जातीचं अनुमान आहे. ब्रिटिश नळीवर नेपाळी पलटणीने आपली नोंद ठोकलेली असू शकते. तो मालकाचा ठसा झाला. घडवणाऱ्याचा शोधायला पुन्हा नळीच्या खालीच जावं लागतं.

सहावं वाक्य राहिलं: सर्व भाग मूळ. हे तपासता येतं, आणि किती सुंदर तपासता येतं बघा. एन्फिल्डच्या सरकारी कारखान्यात १८५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन यंत्रं आली आणि एका रायफलचा भाग दुसरीला बसू लागला. बर्मिंगहॅमचा माल मात्र हाताने घासून जुळवलेला, एकाचा भाग दुसऱ्याला नीट बसत नाही. म्हणून तिथले कारागीर एका बंदुकीच्या भागांवर सारख्या खुणा करायचे. कानशीचे दोन-तीन काप, स्क्रूच्या दांड्यावर, लॉकच्या आत, नळीखाली. चार काप इथे, चार काप तिथे, तर हे भाग एकत्र जन्मले. लॉकवर चार आणि नळीवर सात, तर ‘सर्व भाग मूळ’ गेलं. गंमत म्हणजे हीच चाचणी सरकारी यंत्रावरच्या रायफलला लागू नाही. जिथे भाग अदलाबदल होतात तिथे जुळणीच्या खुणा लागतच नाहीत. खूण नसणं हा एका ठिकाणी पुरावा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही.

संदर्भग्रंथांबद्दल एक इशारा. सी. एच. रोड्स यांचं ‘द ब्रिटिश सोल्जर्स फायरआर्म १८५०–१८६४’ हे १९६४ चं पुस्तक या विषयातलं पायाभूत काम मानतात. पण नावातच लिहिलंय, ब्रिटिश शिपायाचं हत्यार. म्हणजे सरकारी नमुने. अमेरिकेला विकलेली व्यापारी एन्फिल्ड घेऊन तुम्ही त्यात शोधत बसलात तर ती कशाशीच जुळणार नाही, आणि मग ‘दुर्मिळ, प्रायोगिक नमुना’ असं वर्णन जन्माला येतं. डी. एफ. हार्डिंग यांचे ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवरचे चार खंड तपशिलाने भरलेले आहेत, पण ते १८५६ ला थांबतात. पुस्तकं चांगलीच आहेत. दोष ती आपल्या मर्यादेबाहेर वापरणाऱ्याचा. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ‘यावर कुणी लिहिलेलं नाही’ असं टाकण्याआधी आपण कुठल्या कपाटात शोधलं तेही लिहावं.

विक्रेत्यांवर सगळा राग काढण्यात मात्र अर्थ नाही. बाजाराला एक नाव आणि एक साल हवं असतं, ते देतात. तरीही तीच बंदूक मला लिहायला दिली, आणि हातात फक्त तेवढीच माहिती असली, तर वर्णन असं होईल:

“ठासणीची, टोपीवर उडणारी, पॅटर्न १८५३ च्या घडणीची बंदूक. लॉकवर मुकुट, ‘टॉवर’ आणि १८५७. मुकुटाखाली अक्षरं आहेत का, ते नोंदवलेलं नाही. नळी काढून पाहिलेली नाही. आतला व्यास मोजलेला नाही, त्यामुळे रायफल की मस्केट हे अनिश्चित. जुळणीच्या खुणा तपासलेल्या नाहीत. भारताशी संबंध दाखवणारा ठसा किंवा कागद मिळालेला नाही. आत दारू भरलेली नाही, हे मोजून पाहिलं आहे.”

शेवटचं वाक्य विक्रेत्याच्या नमुन्यात नव्हतं. बाकीची, नळीखालचा एक स्वच्छ फोटो मिळाला की निम्मी तरी बदलतील.